दिघोरीच्या जावयाचा विमा

अड्याळमध्ये गोपीचंद भुरे कोण म्हणून विचारलं, तर लोक जरा विचारात पडतात. जेसीबीवाला गोपीचंद म्हटलं की लगेच घर दाखवतात. उंचीनं बेताचा, अंगानं भरलेला आणि बोलायला अगदी कंजूष असा हा माणूस. आधी बरीच वर्षं नाकाडोंगरीकडे दुसऱ्याच्या मशीनवर ऑपरेटर होता. मग जुनी जेसीबी घेतली, तिला नवा पिवळा रंग मारला आणि पुढच्या काचेवर बायकोचं नाव लिहून घेतलं. शालू त्यावर महिनाभर रुसून होती. गावातली पोरं मशीनला पाहून "शालू आली, शालू आली" ओरडत, मग रुसेल नाही तर काय करेल?

त्याचा बाप विहिरी खणायचा. बापाकडून गोपीचंदला एक सवय लागली होती. मातीच्या घराजवळ खणायचं असलं की तो मशीन बंद करून खाली उतरे, भिंतीवर तळहात टेकवून उभा राही. भिंत थंड आणि ओली लागली की मशीन मागे घेई, कुदळ-फावडं काढी आणि भिंतीजवळचा तेवढा भाग हातानं खणी. दुसरे जेसीबीवाले हसत. "गोपीचंद भितीची नाडी पाहून राहिला," म्हणत. पण मातीच्या घरात राहणारी माणसं मात्र त्यालाच बोलावत, एक दिवस उशीर झाला तरी चालेल म्हणत.

अशा माणसाला विमा घ्यायची बुद्धी आपणहून झाली नव्हती. मशीन रस्त्यावर चालवायला लागतो तो सक्तीचा विमा होताच. पण नळयोजनेच्या पाइपलाइनची नाली खोदायचं काम निघालं, तेव्हा ठेकेदारानं अट घातली. खोदताना लोकांचं काही नुकसान झालं तर त्याची जबाबदारी घेणारा वेगळा विमा दाखवा, नाहीतर दुसरा जेसीबीवाला बघतो. म्हणून गोपीचंद आणि शालू भंडाऱ्याला प्रफुल्लकडे गेले. प्रफुल्ल विमा एजंट, पक्का बोलघेवडा. त्यानं चहा मागवला आणि तासभर समजावून सांगितलं. शालूनं शेवटी मुद्द्याचं विचारलं.

"म्हणजे आमच्या हातून कोनाचं काही पडलं, फुटलं, कोनाले लागलं, तर कंपनी भरून देईन?"

"तुमची चूक निघाली तर देणार. त्यालाच तर विमा म्हणतात काकू."

"न् आमाले काय होईन?"

"तुम्हाला काहीच होणार नाही."

गोपीचंदला बाकीचं फारसं कळलं नव्हतं, पण हे "काहीच होणार नाही" फार आवडलं. मशीनवर बसल्यापासून दुसऱ्याच्या भिंतीची, विहिरीची, जमिनीतल्या केबलची धास्ती तो घेऊन फिरत होता. घरी परतताना त्याला अंगातून ताप उतरल्यासारखं वाटलं. पॉलिसी त्यानं प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली आणि केबिनमध्ये देवाच्या फोटोशेजारी लावून ठेवली. देवाला आता मदतनीस मिळाला, असं शालू म्हणाली.

पाइपलाइन गावातून तलावाकडे निघाली. तलावाच्या पाळीला लागून मासे धरणाऱ्या ढिवरांची वस्ती आहे. मातीच्या भिंती, वर कवेलूचं छप्पर, पुढे सपरी, म्हणजे पडवी. तिथं शेवटचं घर गोमाजीचं. गोमाजी तलावात मासे धरायचा आणि त्याची बायको कुंताबाई ते बाजारात विकायची. कुंताबाईचं माहेर दिघोरी आणि शालूचंही माहेर दिघोरी. जात वेगळी, पण गाव एक, म्हणजे कुंताबाई शालूची आत्या झाली. आणि गोपीचंद? तो दिघोरीचा जावई! कुंताबाई त्याच्यापुढे डोक्यावरून पदर घेतल्याशिवाय बोलत नसे. गोमाजी वयानं एवढा मोठा, पण तोही त्याला जवाईबापू म्हणे. माहेरच्या गावचा जावई म्हणजे त्याच्याविषयी वाकडा शब्द काढायचा नाही, ही त्या बाईची श्रद्धाच होती. जावयानं घराचं कौल फोडलं असतं, तरी कौलच वाईट होतं असं तिनं सांगितलं असतं.

पावसाळा सरला होता, पण भिंती अजून वाळल्या नव्हत्या. ठेकेदाराचा फोन सकाळपासून सुरू होता. गोमाजीच्या घराशी नाली पोचली तेव्हा कुंताबाई बाजारात होती. गोमाजी सपरीत भिंतीला टेकून जाळं दुरुस्त करत होता. मशीन जवळ आलं तसा उठून बाहेर आला.

"जवाईबापू, भित अजून ओली हाये. एवढं इथचं हातानं घ्या ना जरासं."

गोपीचंद उतरला नाही. उतरून, हात लावून, मग कुदळ घेऊन खणायचं म्हणजे अर्धा दिवस जाणार होता. त्यानं केबिनमधली ती पिशवी हातानं थोपटली आणि हसत म्हणाला, "काही नाही होत मामाजी. आता इमा हाये आपला!"

गोमाजीही हसला आणि आत गेला. गोपीचंदनं बकेट खाली टाकलं. दुसऱ्यांदा टाकलं, तेव्हा भिंत पायातून सरकली आणि सपरीचं लाकडी आढं घेऊन आतल्या बाजूला बसली. आत गोमाजी होता. लोकांनी माती उपसून त्याला काढलं, तेव्हा त्याचा उजवा हात कोपरापासून खांद्यापर्यंत कुणाला ओळखू येत नव्हता. भंडाऱ्याच्या दवाखान्यात हाडात सळई टाकली. डॉक्टर म्हणाले, हात राहील, पण हा हात आता डोक्याच्या वर जाणार नाही. ज्याला जाळं फेकून पोट भरायचं आहे, त्याला हे सांगणं म्हणजे धंदा संपला असं सांगणंच होतं.

दवाखान्यात पोलीस विचारायला आला. गोपीचंद बाकावर बसला होता. अंगावरची माती अजून झटकली नव्हती. आता ही बाई आपलं नाव घेणार, असं त्याला वाटलं. भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर घ्यावं असंही वाटलं. कुंताबाईनं पदर डोक्यावर ओढला आणि ठामपणे सांगितलं, "भित पान्यानं भिजली होती साहेब, आपोआप पडली. जवायाचा काही दोष नाही. जवायानंच तर माती उपसून काढलं यायले."

गोपीचंद गप्प राहिला. हे त्याचं पहिलं गप्प राहणं, आणि सगळ्यात महाग पडलेलंही.

अपघाताची खबर गेल्यावर काही दिवसांनी विमा कंपनीकडून चौकशीला सर्व्हेअर आल्या. तृप्ती नावाच्या, नागपूरच्या, नीट ऐकून घेणाऱ्या बाई. प्रफुल्लनं आदल्या दिवशीच फोनवर गोपीचंदला बजावलं होतं. "काकाजी, पॉलिसीत अट आहे. तुम्ही आपल्या तोंडानं चूक कबूल करायची नाही. नुकसान ज्याचं झालं त्यानं तक्रार करायची, कंपनी ठरवणार. तुम्ही बोललात तर दावाच अडकेल." गोपीचंदला मनातून बरं वाटलं. गप्प बसायला कंपनीनंच सांगितलं होतं. कुंताबाईनं सर्व्हेअरबाईंनाही तेच ऐकवलं. भिजली, पडली, जवाई देवमाणूस. तृप्तीबाईंनी लिहून घेतलं. मशीनमुळे नुकसान झाल्याची तक्रार नाही, सबब भरपाईचा प्रश्न नाही.

"सुटलात तुम्ही," प्रफुल्ल म्हणाला. ठेकेदारही खूश झाला आणि पुढच्या गावचं काम त्यानं गोपीचंदलाच दिलं.

सुटला तो असा, की त्याला अन्न गोड लागेना. भिंत दिसली की उतरून तळहात टेकवी, आणि टेकवल्यावर दुसऱ्याच कुणाच्या अंगाला हात लावल्यासारखा झटक्यात मागे घेई. गोमाजीच्या घराला त्यानं स्वतःच्या खर्चानं विटांची भिंत घालून दिली. कुंताबाई गावभर सांगत सुटली, पाहा, माहेरचा जवाई किती करून राहिला! ते कानावर आलं की तो मान खाली घालून वाट बदली. कुणी शिव्या दिल्या असत्या तर एक वेळ सोसल्या असत्या. हे कौतुक त्याला सोसवेना.

शालूच्या लक्षात आलंच. एका दुपारी जेवताना तिनं ताटच बाजूला सरकवलं.

"भित खरंच आपोआप पडली का हो?"

गोपीचंद भाताकडे पाहत राहिला.

"मी तुमाले विचारून राहिली."

"नाही," तो म्हणाला. "मी पाडली. मामाजींनी सांगतलं होतं, हातानं घ्या म्हणून. मी उतरलो नाही."

"काहून?"

याचं उत्तर त्यानं बायकोलाही दिलं नाही. घाई होती, एवढंच म्हणाला. शालू रडली नाही, ओरडलीही नाही. पदर खोचून उठली. "चला आत्याकडे. तिनं तक्रार केली तरच कंपनी देईन ना? मग तक्रार करू द्या तिले. मामाजीचा हात गेला, त्यायचं म्हातारपन कोन काढनार हाये?"

आता जावई आतेसासूच्या दारात गेला, ते माझ्याविरुद्ध तक्रार करा म्हणून हात जोडायला. असला प्रसंग गावात कुणी पाहिला नसेल. कुंताबाईनं आधी हसण्यावारी नेलं, मग रागावली.

"दिघोरीत काय तोंड दाखवू मी? आपल्या पोरीच्या नवऱ्याले पोलिसात देल्लं म्हणतील!"

"पोलिसात नाही आत्या, कंपनीत. कंपनी पैसे देईन," शालूनं समजावलं.

"कंपनी आपली सोयरी हाये का फुकट द्याले? भित आपोआप पडली न् मशीननं पाडली म्हनून पैसे घ्यायचे? शालू, आमी ढिवर असू, पन चोर नाही बाई."

म्हणजे बाईला ही लबाडी वाटत होती! गोमाजी खाटेवर पडून होता, बांधलेला हात पोटावर ठेवून. तो गोपीचंदकडे पाहत होता. त्याला सगळं माहीत होतं. दवाखान्यापासून आजपर्यंत त्यानं बायकोला एक शब्द सांगितला नव्हता. गोपीचंदनं तोंड उघडलं, "आत्या, खोटं नाही, खरंच..." आणि तिथंच थांबला. प्रफुल्लनं सांगितलेली अट आठवली, असं त्यानं स्वतःला समजावलं. अट नसती तरी तो त्या वेळी बोलला नसता.

शालूनं शेवटी हट्ट धरला. "माहेरची पोर म्हनून मागते आत्या, एवढं कर." पोरीला नाही म्हणणं कुंताबाईला जमलं नाही. अर्ज गेला आणि तृप्तीबाई पुन्हा आल्या. प्रफुल्लही आला, कारण त्याला या सगळ्याचा वास बरा येत नव्हता. सगळे नव्या भिंतीच्या सावलीत, गोमाजीच्या खाटेजवळ बसले. तृप्तीबाईंनी वही उघडली आणि विचारलं, "सांगा कुंताबाई, काय झालं होतं?"

कुंताबाई शाळेत कविता म्हणायला उभ्या केलेल्या पोरीसारखी उभी राहिली. "भित मशीननं पडली. जवायाच्या मशीननं. भरपाई पायजे."

"मागच्या वेळी तुम्ही वेगळं सांगितलं होतं."

"हो."

"तुम्ही तेव्हा इथे होता का?"

"नाही, मी बाजारात होती."

"मग मशीननं पडली हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

बाई खोटं बोलायला शिकलेली नव्हती, आणि हे तर तिच्या मते खोटंच होतं. तिनं शालूकडे पाहिलं, गोपीचंदकडे पाहिलं आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "यायनंच सांगतलं, असं म्हना म्हनून."

तृप्तीबाईंनी पेन खाली ठेवलं. प्रफुल्लनं कपाळावर हात मारला. विमा काढणारा आणि नुकसान झालेला, दोघं नात्यातले, दोघांनी मिळून जबाब बनवलेला. याला कंपनीत काय म्हणतात ते प्रफुल्लला चांगलंच ठाऊक होतं. "मॅडम, गावातले लोक आहेत, यांना कळत नाही," तो घाईनं म्हणाला. "हा अर्ज मागे घेतो आपण."

"मागेच घ्यावा लागेल," तृप्तीबाई म्हणाल्या. "यावर मी काही करू शकत नाही. उलट फसवणुकीचा शेरा पडेल." त्यांनी वही मिटली.

गोमाजीनं डोळे मिटून घेतले. कुंताबाई तर सुटल्यासारखी दिसली. गोपीचंदनं आता फक्त गप्प बसायचं होतं. कंपनी सांगत होती गप्प बस, एजंट सांगत होता, ठेकेदार सांगत होता, आणि ज्याचा हात गेला तोसुद्धा काही बोलत नव्हता. सगळ्यांनी मिळून त्याला वाचवायचं ठरवलं होतं. त्याला एकदम इतकी लाज वाटली, की बसवेना.

"मॅडम, वही उघडा," तो उभा राहून म्हणाला.

"काकाजी, अट!" प्रफुल्ल ओरडला.

"राहू दे तुझी अट. मॅडम, आत्याले काही माहीत नाही, म्हनून तिले हे खोटं वाटून राहिलं. भित मी पाडली. मामाजी बाहेर येऊन मले बोलले होते, भित ओली हाये, हातानं घ्या. मातीच्या घराजवळ मी नेहमी उतरतो, भितीले हात लावून पाहतो. साऱ्या गावाले विचारा. त्या दिवशी उतरलो नाही."

"का उतरला नाहीत?"

बायकोला न दिलेलं उत्तर आता सगळ्यांसमोर द्यायचं होतं.

"इमा होता म्हनून. इमा नसता तर उतरलो असतो."

शालूनं त्याच्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. ती भंडाऱ्याला सोबत होती. "काहीच होणार नाही" हे तिनंच विचारून काढून घेतलं होतं. प्रफुल्ल जमिनीकडे पाहत होता, कारण ते शब्द त्याचे होते.

"भिंत पडेल असं वाटलं होतं तुम्हाला?" तृप्तीबाईंनी हळू विचारलं.

"तसा इचारच केला नाही. पडली तर कंपनी पाहून घेईन, एवढंच डोक्यात होतं. आत मानूस बसून हाये, हे डोक्यातच नाही आलं."

कुंताबाई कुणाकडे न पाहता नवऱ्याच्या खाटेशी गेली.

"हे खरं होय का? तुमी सांगतलं होतं यायले?"

गोमाजीनं डोळे उघडले. मग म्हणाला, "हो."

"मंग इतके दिवस मले काहून नाही सांगतलं?"

"तुह्या माहेरचा जवाई हाये. काय सांगू?" त्यानं चांगल्या हातानं बांधलेला हात जरा वर सरकवला. "सांगतलं त्यायले. तर हसून म्हणले, इमा हाये आपला, काही नाही होत. मले वाटलं, येवढे समजदार जवाई, येवढी मोठी मशीन, म्हनून राहिले काही नाही होत, तर नसंलच होत. मी अंगनात जाऊन बसनार होतो, जाळं घेऊन. मंग नाही गेलो. तिथंच भितीखाली बसलो."

हे गोपीचंदला माहीत नव्हतं. गोमाजी आत का गेला, हे त्यानं इतक्या दिवसांत कधी स्वतःला विचारलंच नव्हतं. आपण भिंत पाडली, एवढाच दोष तो मोजत आला होता. म्हाताऱ्याला त्या भिंतीखाली नेऊन बसवलं तेही आपल्याच शब्दानं, हे आता कळलं.

तृप्तीबाईंनी वही उघडली होती, पण त्या अजून लिहीत नव्हत्या. "निष्काळजीपणा झाला तरच हा विमा लागू होतो," त्या प्रफुल्लला म्हणाल्या. "त्यांनी कबूल केलं म्हणून कंपनी थोडी कुरकुर करेल. पण साक्षीदार गोमाजी स्वतः आहेत. फक्त तक्रार त्यांची नाहीतर घरच्यांची पाहिजे, आणि मनापासूनची पाहिजे. सांगा कुंताबाई. नसेल सांगायचं तरी चालेल."

गोमाजी म्हणाला, "राहू द्या ना आता. जवाई हायेत आपले."

कुंताबाई गोपीचंदसमोर येऊन उभी राहिली. डोक्यावरचा पदर खांद्यावर घसरला होता, तो तिनं वर घेतला नाही. आवाज न चढवता ती नवऱ्याला म्हणाली,

"जवाई हायेत म्हनूनच तर ऐकलं तुमी त्यायचं. दुसरा कोनी असता तर उठून बाहेर आले असते." मग ती सर्व्हेअरबाईंकडे वळली. "लिवा बाई. हा मानूस आमच्या घरचा होता. यानं सांगतलं काही होत नाही, म्हनून माह्या मानसाचा हात गेला. सारं लिवा, काही सोडू नका."

तृप्तीबाई लिहीत गेल्या. लिहून झाल्यावर त्यांनी जबाब वाचून दाखवला आणि बरोबर आहे का म्हणून विचारलं. कुंताबाईनं हो म्हटलं.